दोन किलो गव्हाची चूक

वाचकहो, आम्ही गेली वीस वर्षे मुलांना गणित शिकवतो. आमच्या संस्थेत उर्दू आणि मराठी अशी दोन्ही माध्यमे आहेत, आणि दोन्हीकडचे तास आमच्याकडे असतात. घरी 'हम' म्हणायची सवय, तीच मराठीत 'आम्ही' होऊन बसली. मराठी माध्यमाची पोरे मागे हसतात, "सर एकटेच आहेत, पण बोलतात दोघांचं." हसू देत. आज जे सांगायचे आहे ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ती आमची चूक आहे, आणि ती चारचौघांत झाली, म्हणून चारचौघांतच सांगितलेली बरी.

२२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिवस. रामानुजन यांचा हा जन्मदिवस. आमच्या शाळेत त्या दिवशी छोटेसे प्रदर्शन असते. मुले तक्ते करतात, पालक येतात, एखादे पाहुणे दोन शब्द बोलतात. त्या वर्षी आम्ही ठरवले की दारातच एक मोठा फलक लावायचा, शतरंजच्या पटाचा. पटावर ६४ घरे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. प्रत्येक घरात मागच्याच्या दुप्पट. चौसष्टही घरे भरली तर एकूण दाणे किती?

ही गोष्ट जुनी आहे आणि आपल्या घरची आहे. चतुरंग हा शब्द हिंदुस्थानातून इराणात गेला, तिथून अरबस्तानात जाऊन शतरंज झाला. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी आपल्या 'वफयातुल आयान' या ग्रंथात ही कथा लिहून ठेवली आहे. हिंदुस्थानातल्या सिस्सा नावाच्या एका हुशार माणसाने राजासाठी हा खेळ शोधून काढला. राजा खूश होऊन म्हणाला, "माग काय हवे ते." सिस्साने पटावरचे दाणे मागितले. राजाला ही मागणी फारच क्षुल्लक वाटली. हिशेब झाला तेव्हा कळले की एवढा गहू राज्यात नाही.

आणि तो हिशेब अचूक करून ठेवणारेही आपलेच. अबू रैहान अल्-बेरूनी, ज्यांनी संस्कृत शिकून हिंदुस्थानावर 'किताबुल हिंद' लिहिली, त्यांनी त्याआधी इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या 'आसारुल बाकिया' या ग्रंथात चौसष्ट घरांची बेरीज दिली आहे. संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही. हजार वर्षांपूर्वीची ती संख्या आजही एका अंकाने चुकलेली नाही.

चुकलो ते आम्ही.

झाले असे. फलकासाठी संख्या हवी होती. शाळेच्या संगणकावर हिशेबाचा तक्ता उघडला, सूत्र टाकले आणि पडद्यावर जे आले ते उतरवून छापायला दिले. संख्या आली ती अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९६,००,०००. वीस अंक, शेवटी पाच शून्ये. आम्हाला तर ती फार डौलदार वाटली. कार्यक्रमाला दोन दिवस असताना फलक छापून आला. तो आम्ही नववीच्या उर्दू वर्गात फळ्यावर टांगला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.

गोष्ट संपली तशी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे नाव इथे देत नाही. वर्गात फारशी न बोलणारी. सहामाहीला गणितात १०० पैकी ४१. आमच्या मनातल्या यादीत तिच्यापुढे एकच शब्द होता, 'साधारण'. ती हळूच म्हणाली, "सर, ये अदद ताक आना चाहिए."

मराठी वाचकांनी ताक म्हणजे प्यायचे ताक समजू नये. उर्दूत ताक म्हणजे विषम संख्या आणि जुफ्त म्हणजे सम. तिचे म्हणणे होते की ही संख्या विषम यायला हवी, फलकावर तर ती सम आहे.

त्या क्षणी आम्ही काय करायला हवे होते ते आज नीट कळते. "का?" एवढे एकच अक्षर विचारायचे होते. ते विचारले नाही. तास संपत आला होता, फलकाचे पैसे देऊन झाले होते, आणि आम्ही वीस वर्षांचे गणिताचे शिक्षक. आम्ही म्हणालो, "ही संगणकाने काढलेली संख्या आहे. तू काय संगणकापेक्षा हुशार झालीस?"

वर्ग हसला. ती बसली. घंटा झाली.

रात्री जेवणे आटोपली, इशाची नमाज झाली आणि आम्ही वह्या तपासायला बसलो. तिची वही मध्येच कुठेतरी आली. गृहपाठ ठीक होता. वही मिटताना शेवटचे पान दिसले. त्यावर पेन्सिलीने एकाखाली एक ओळी : १, २, ४, ८, १६, ३२... पान भरले तसे मागच्या पानावर गेलेल्या. चौसष्ट ओळी मोजून होत्या. त्याखाली आणखी एक पासष्टावी ओळ, तिच्यातून वजा १, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलेले उत्तर : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

पोरीने चौसष्ट वेळा दुप्पट केली होती. हाताने. आम्ही गोष्ट सांगणार हे आदल्या दिवशी वर्गात बोललो होतो, तेवढ्यावरून.

खाली उर्दूत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ असा : पहिल्या घरात एकच दाणा आहे, बाकी सगळ्या घरांत जोडीने दाणे आहेत. म्हणून एकूण दाणे जोडीत बसणार नाहीत, एक उरेलच.

एवढे सोपे. दुसऱ्या घरापासून चौसष्टाव्या घरापर्यंत प्रत्येक संख्या सम. समांची बेरीज समच. तिच्यात पहिल्या घरातला एकटा दाणा मिळवला की विषम. हे कळायला संगणक लागत नाही, वीस वर्षांचा अनुभवही लागत नाही. आमच्या फलकावर शेवटी पाच शून्ये होती आणि ती आम्हाला डौलदार वाटली होती.

तरी अहंकार लवकर हटत नाही. मनात आले, हिची बेरीज चुकली असेल. आम्ही कागद घेतला. चौसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी अल्-बेरूनींप्रमाणे वर्गांची वाट धरली. २ चा वर्ग ४. ४ चा वर्ग १६. १६ चा २५६. २५६ चा ६५,५३६. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आणि त्याचा वर्ग केला की थेट पासष्टाव्या घराची संख्या. एकूण सहाच गुणाकार. शेवटचा तेवढा लांबलचक. पहिल्यांदा हातचा चुकला, पुन्हा केला. आले १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

आता त्यातून एक का वजा करायचा? एक दाणा, दुसऱ्या घरापर्यंत तीन, तिसऱ्यापर्यंत सात, चौथ्यापर्यंत पंधरा. प्रत्येक वेळी बेरीज ही पुढच्या घरापेक्षा एकाने कमी असते. चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पासष्टाव्या घरातून एक कमी. म्हणजे शेवटी ६१५. तंतोतंत तिच्या वहीतली संख्या.

मग आम्ही दोन्ही संख्या शेजारी ठेवून तपासल्या. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. ६४ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून पासष्टाव्या घराचा शेवटचा अंक ६, आणि एक वजा केला की ५. म्हणजे बेरजेला ५ ने भाग जाणार, पण १० ने कधीच नाही. पुढे पहा. पहिल्या दोन घरांत १ + २ = ३ दाणे. पुढच्या दोन घरांत ४ + ८ = १२. मग १६ + ३२ = ४८. अशा ३२ जोड्या, आणि प्रत्येक जोडी ३ च्या पाढ्यात. म्हणून एकूण बेरजेलाही ३ ने भाग जायलाच हवा. तिच्या संख्येच्या अंकांची बेरीज केली : ८७. भाग जातो. आमच्या फलकावरच्या अंकांची बेरीज केली : ७०. जात नाही. सहावीच्या मुलाला शिकवतो ती ही कसोटी. ती आम्ही छापण्याआधी लावली नव्हती.

आमची बायको पाणी घेऊन आली. आमचा चेहरा पाहून म्हणाली, "काय झालं?" सगळे सांगितले. ती गणितातली नाही. तिने वहीची ती दोन पाने निरखून पाहिली आणि एवढेच म्हणाली, "मग हसले ते सगळे. तिने काय करायचं?"

त्या रात्री झोप अशी लागली नाही. इब्न खल्लिकान आठवत राहिले. त्यांनी स्वतः लिहिले आहे की दाण्यांची संख्या एवढी प्रचंड असेल यावर त्यांचाही विश्वास बसत नव्हता. मग इस्कंदरियाचा एक हिशेबनीस त्यांना भेटला. त्याने सोळाव्या घरापर्यंत दुप्पट करून ३२,७६८ दाणे दाखवले आणि म्हणाला, हे एक माप समजा. पुढे मापांवरून मोठी मापे, मोठ्या मापांवरून कोठारे. चाळिसाव्या घरात एक कोठार धरले, तर पन्नासाव्यात १,०२४ कोठारे. तेवढ्या कोठारांचे एक शहर धरले, तर चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरे. एवढी शहरे जगात आहेत कुठे? तेव्हा त्या थोर विद्वानाला पटले, आणि आधी आपल्याला शंका होती हेही त्यांनी पुस्तकात लिहून ठेवले. त्यांना शंका आली तेव्हा कुणीतरी शांतपणे करून दाखवले. आमच्या विद्यार्थिनीला शंका आली तेव्हा आम्ही वर्गाला हसवले.

सकाळी आधी संगणक शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना गाठले. ते म्हणाले, "सर, हिशेबाचा तक्ता पंधराच अंक नीट सांभाळतो. पुढच्या जागी शून्ये टाकतो." वीस अंकांपैकी पहिले पंधरा ठेवायचे होते, सोळावा अंक ५, म्हणून पंधराव्या जागचा ५ वाढून ६ झाला, आणि पुढे पाच शून्ये. मग ते हसून म्हणाले, "गंमत म्हणजे आजच्या संगणकात एका शब्दाला ६४ कप्पे असतात, प्रत्येकात ० किंवा १. सगळ्या कप्प्यांत १ भरला की जी सर्वांत मोठी पूर्ण संख्या होते, ती हीच. यंत्राच्या पोटात ही संख्या नेमकी बसते. तक्ता ती दाखवताना गोळाबेरीज करतो, एवढेच."

तिथून मुख्याध्यापकांकडे गेलो. फलक पुन्हा छापायचा म्हणालो. ते भले गृहस्थ आहेत, पण खर्चाचे भान ठेवणारे. म्हणाले, "फरक कितीचा आहे?" आम्ही रात्री तोही काढला होता : ४८,३८५ दाण्यांचा. हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर दोन किलोला थोडे कमी. ते खो खो हसले. "अहो, एकूण गहू किती?" साधारण ७३,८०० कोटी टन. सारे जग वर्षाला जवळपास ८० कोटी टन गहू पिकवते. त्या हिशेबाने नऊशेहून जास्त वर्षांचे पीक. "त्यात दोन किलो इकडे तिकडे? पाहुणे काय वीस अंक तपासणार आहेत?"

वाचकहो, खरे सांगतो, पाऊलभर आम्ही डगमगलो. त्यांचे म्हणणे बाजारात अगदी बरोबर आहे. गहू तोलताना एवढी चूक धरत नाहीत. पण संख्या म्हणजे गव्हाची रास नव्हे. दोन किलोच्या फरकाने ती विषमची सम झाली. ३ चा भाग जात होता, तो जाईनासा झाला. जिला १० ने कधी भाग जाणार नव्हता, तिला लाखाने जाऊ लागला. आकार जवळजवळ तोच राहिला, पण हे गुण राहिले नाहीत. अशा संख्येला सिस्साची संख्या म्हणता येत नाही.

आणि पाहुण्यांना न कळले तरी एकीला कळणार होतेच. ती रोज त्याच दारातून आत येणार होती.

आम्ही म्हणालो, "साहेब, फलक राहू द्या. पैसे नकोत. दुरुस्ती आम्ही करून घेतो."

त्या दिवशी नववीत गेलो तेव्हा हजेरी घेतली आणि पुस्तक उघडले नाही. आम्ही म्हणालो, "काल आम्ही एका मुलीला विचारलं, तू संगणकापेक्षा हुशार झालीस का. तिचं उत्तर बरोबर होतं. चूक आमची होती, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे आम्ही तिला हसवून गप्प केलं. आम्ही माफी मागतो." वर्गात शांतता. शिक्षकांनी माफी मागायची असते हे मुलांना माहीत नव्हते; खरे म्हणजे आम्हालाही सवय नव्हती. ती मुलगी मान खाली घालून बसली होती. हसली नाही, रडलीही नाही. आम्ही खडू पुढे केला. बराच वेळ ती उठली नाही. मग आली, आणि फळ्यावर ती वीस अंकी संख्या न बघता लिहून काढली.

एका मुलाने विचारले, "सर, वाचायची कशी?" आमच्या आजोबांना मोजणी पाठ होती : लाख, करोड, अरब, खरब, नील, पद्म, शंख. त्या क्रमाने वाचली : १८४ शंख, ४६ पद्म, ७४ नील, ४० खरब, ७३ अरब, ७० करोड, ९५ लाख, ५१ हजार ६१५. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थानांची यादी परार्धाशी, म्हणजे अठराव्या जागी संपते. ही वीस अंकी. याच 'लीलावती'चे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजींनी फारसीत भाषांतर केले, हेही मुलांना सांगितले.

आता ती मुलगी स्वतःहून बोलली. "सर, ३ और ५ से तो जाता है. और किस से जाता है?"

एरवी आम्ही सूत्र लिहिले असते. त्या दिवशी कागदाचा पट घेतला. आठ ओळी, आठ घरे. मधोमध दुमडला. आता वरच्या अर्ध्या पटावर ३२ घरे, खालच्यावर ३२. खालचे प्रत्येक घर वरच्या जोडीदाराच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणजे पूर्ण पट बरोबर वरचा अर्धा पट गुणिले ४,२९,४९,६७,२९७. एक पट वरचा आणि बाकीचे खालचे. उरलेला अर्धा पट पुन्हा दुमडला : गुणिले ६५,५३७. पुन्हा दुमडला, दोन ओळींची एक ओळ राहिली : गुणिले २५७. एका ओळीची अर्धी : गुणिले १७. चार घरांची दोन : गुणिले ५. दोन घरांचे एक : गुणिले ३. शेवटी हातात एकच घर, आणि त्यात एकच दाणा.

सहा घड्या आणि सहा गुणक. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. एवढी अक्राळविक्राळ संख्या मुलांच्या डोळ्यांदेखत घडी होऊन चिमटीत आली.

"यातले कोणते अविभाज्य?" आम्ही विचारले. पहिल्या तिन्हींबद्दल मुलांनी लगेच हात वर केले. २५७ तपासायला थोडा वेळ लागला. ६५,५३७ अविभाज्य आहे हे आम्ही सांगितले. मग शेवटच्या गुणकाची गोष्ट आली. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मा नावाचे कायदेपंडित होते, गणिताचे वेड असलेले. त्यांना हीच रांग दिसली होती. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या साऱ्या अविभाज्य, तेव्हा पुढच्या साऱ्याही अविभाज्यच असणार असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या माणसाचे मत, त्यामुळे बराच काळ ते तसेच राहिले. १७३२ मध्ये ऑयलर या तरुण गणितज्ञाने दाखवले की पुढचीच संख्या, ४,२९,४९,६७,२९७, हिला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

"करून बघा," आम्ही म्हणालो. सगळा वर्ग भागाकाराला लागला. एवढी शांतता आमच्या तासाला परीक्षेतही नसते. कुणाचा हातचा चुकला, कुणी पुन्हा सुरू केले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो दुपारी भावाबरोबर यंत्रमागावर जातो म्हणून वर्गात पेंगत असतो, तो सगळ्यांत आधी ओरडला, "बाकी शून्य!" भागाकार आला ६७,००,४१७. ही संख्याही अविभाज्य. म्हणजे सिस्साच्या दाण्यांचे एकूण सात अविभाज्य अवयव : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच.

तास संपला तेव्हा ती मुलगी जाता जाता म्हणाली, "सर, फर्मा साहब को किसी ने बताया नहीं?" आम्ही म्हणालो, "बताने वाला बाद में पैदा हुआ." या वेळी ती हसली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन झाले. फलक दारात होता. चुकलेल्या संख्येवर पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर त्या मुलीच्या अक्षरात खरी संख्या. पट्टीखाली आम्ही एक ओळ लिहिली होती : 'आधी छापलेली संख्या चुकीची होती. ती नववीच्या विद्यार्थिनीने दुरुस्त केली.' पाहुण्यांनी ते वाचून विचारपूस केली. मुख्याध्यापकांनी मोकळ्या मनाने सारे सांगितले, दोन किलो गव्हासकट.

दुपारी तिची आई आली. घरी बसून यंत्रमागाच्या कांड्या भरणारी बाई. मराठी वाचता येत नव्हते, पण आकडे येत होते. पट्टीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग आम्हाला विचारले, "ये हमारी बच्ची का लिखा है?" आम्ही हो म्हणालो. तिने बोटाने एकेक अंक मोजला. वीस. म्हणाली, "रात को लाइट जला के बैठी थी. मैं बोली, बंद कर, बिल आता है." पुढे काही बोलली नाही. आम्हालाही बोलवले नाही.

घरी येऊन आम्ही मनातली ती यादी काढून पाहिली. हा हुशार, हा बरा, ही साधारण. सारी गोळाबेरीज. पहिले एक-दोन अंक ठेवायचे, बाकीच्या जागी शून्ये टाकायची. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला तसे करावे लागते, हे खरे. पण ४१ गुण म्हणजे ती मुलगी नव्हती. तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिली तर सोडवलेली बहुतेक उदाहरणे बरोबर होती; ती पडताळा करत करत पुढे जाते, म्हणून पेपर पुरा होत नाही. हे आम्हाला सहामाहीच्या वेळीच दिसायला हवे होते. आता तिला वेळ लावून सोडवायचा सराव देतो. पडताळा सोड, असे मात्र सांगत नाही.

ज्यांच्या घरी सातवी-आठवीच्या पुढचे मूल आहे त्यांना एक विनंती. एखाद्या संध्याकाळी मगरिबनंतर मोबाइल बाजूला ठेवा, वहीची दोन पाने घ्या आणि मुलासोबत एकापासून दुप्पट करत चला. चौसष्ट ओळी. हातचे चुकतील, पुन्हा करा. उत्तर आले की अंकांची बेरीज करा. ८७ आली पाहिजे. मग कागदाचा पट दुमडून दाखवा. आणि मध्येच मूल म्हणाले, "अब्बू, तुमचं चुकलं," तर त्याला फक्त "का?" विचारा.